बेटाचे नाकेदार

डोंग्यात पाय टाकण्याआधी ते वाकायचे आणि उजव्या हाताचा पंजा तळाच्या फळीवर दाबून धरायचे. आजाऱ्याच्या पोटावर डॉक्टर हात ठेवतो, तसा. काठावरची पाहुणेमंडळी घड्याळं बघायची, कुणी मुद्दाम खाकरायचं. नाकेदारांवर काही परिणाम व्हायचा नाही. मग हात उचलून ते दोनपैकी एक काहीतरी बोलायचे. "बसा," किंवा "आज नाई."

त्या "आज नाई"वर अपील नव्हतं.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी अकोल्याला जंगल कचेरीत कारकून होतो. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात आमचं घर, वडील भिक्षुकी करायचे. माझी नोकरी टेंपरवारी, कायम व्हायची होती. गावापासून वीसेक मैलांवर एक जुना तलाव आहे. तो भरला तेव्हा मधली एक टेकडी पाण्याबाहेर उरली आणि तिच्यावर भेकरं, ससे, मोर अडकून राहिले. खात्याने ते बेट राखीव केलं. शिकार बंद, लाकूड बंद. परवाना काढायचा, डोंग्याने पलीकडे जायचं, तासभर हिंडायचं आणि परतायचं, एवढीच मुभा. परवाने मी लिहायचो आणि पाहुणे मोठे असले की बरोबरही जायचो.

बेट आणि डोंगा ज्यांच्या ताब्यात होता, ते हे नाकेदार. जंगलखात्याच्या रखवालदाराला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. चाळिशीचे, सडपातळ, खाकी सदऱ्याचं गळ्याचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली होती. चौकीच्या भिंतीवर बुद्धाची लहानशी तसबीर होती आणि तिच्याखाली परवान्यांची फाइल. त्यांच्या घरात सरकारी नोकरी करणारे ते पहिलेच. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी पहिल्या दिवसापासून त्यांना अरे-तुरे करत होतो. ते मला "बाबूजी" म्हणायचे. आज लिहायला बसलो तर "ते" आपोआप येतं. तेव्हा आलं नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा काठाशी येऊन पाहतो तो डोंगा पाण्याखाली. नुसती कड वर दिसत होती. मी ओरडलोच, "अरे, डोंगा बुडाला."

ते झाडाखाली बसून बिडी ओढत होते. "बुडाला नाई, बाबूजी. बुडवला."

"काहून?"

"फळ्या सुकल्या का त्यायच्या मंधात फटी पडते. दिवसभर पानी पेला का लाकूड फुगते, फट बुजते. मंग चालते." आणि थोडं थांबून, "मानसाले बी तसंच लागते, पन कोनी देत नाई."

मी कचेरीत येऊन हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. "आमचा नाकेदार नाव बुडवतो" हा विनोद पुढे महिनाभर चालला.

त्यांच्या डायरीवरही कचेरीत हसायचे. बेटावर रोज काय दिसलं ते लिहून पाठवावं असा हुकूम होता. मोठेपणी शिकलेली, एकेक अक्षर सुटं काढलेली त्यांची नोंद अशी असायची: "मोर चार. एक रुसून बसला. बगळे कालचेच. भेकराची मादी लंगडते, काटा असेल." मी ते कोरड्या भाषेत उतरवून वर पाठवायचो. लंगडणारी मादी माझ्या तक्त्यात नुसती "एक" व्हायची.

बेटावर पाय ठेवला की त्यांचा आवाज खाली यायचा. पाहुणे मोठ्याने बोलू लागले तर ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, "हळू. इथले लोक झोपून राह्यले." लोक म्हणजे ससे, घुबडं, सगळे. एका डेप्युटी साहेबांच्या मुलाने पळसाची फांदी मोडली, तर त्यांनी ती उचलून झाडाच्या बुंध्याशी नीट टेकवून ठेवली. मुलाला एक शब्द बोलले नाहीत. तो मुलगा परत येईपर्यंत रडवेला होता.

तलावाबद्दल एक सांगायला हवं. सकाळी तो अगदी सपाट असे. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिंडीतून वारा उतरायचा आणि पाणी काळं पडायचं. आवाज नाही, मोठ्या लाटा नाहीत. नुसतं काळं, आणि बेट आहे त्यापेक्षा दूर गेल्यासारखं. आपणही कधी अशा पाण्यासमोर उभे राहिला असाल. पाठ फिरवावीशी वाटते आणि फिरवता येत नाही. अशाच एका दुपारी मी सहज विचारलं, "तुला पोहता येतंच असेल."

"नाई."

मला वाटलं थट्टा करतायत. "तलावावर नोकरी आणि पोहता येत नाही?"

"आमच्या गावाले तलाव होता, बाबूजी. ढोरं उतरत. आमाले उतरू देत नोते. शिकाव कुठं?" मग समोरच्या पाण्याकडे हात करून ते हसले. "आता एवढं सारं पानी माह्या हवाली केलं सरकारनं. म्हनून जपून राह्यतो."

त्या दिवशी मी त्यांच्या चौकीतल्या मडक्यातलं पाणी मागून प्यालो. वर्षभर येत होतो, पण कधी मागितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी पुढे केलं नव्हतं. मी हे काही मोठं केलं असं सांगत नाही. पुढे काय केलं ते सांगायचं आहे, म्हणून हेही सांगितलं.

त्या वर्षी वैशाखात आमच्या कचेरीतल्या साहेबांचे पाहुणे यायचे ठरले. अमरावतीच्या राजापेठेतले एक वकील, त्यांची पत्नी आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. साहेबांनी हुकूम काढला की डोंगा रंगवून घ्यावा. तो पंधरा दिवस बाहेर उन्हात पडला. हिरवा रंग आणि कडेला पांढरी रेघ. आम्ही जीपने पोचलो तेव्हा ऊन उतरू लागलं होतं आणि डोंगा नव्या नवरीसारखा काठावर उभा होता.

नाकेदार वाकले. फळीवर हात ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. उठले तेव्हा बोटांना हिरवा रंग लागला होता.

"आज नाई, सायेब."

"का?"

"लाकूड सुकलं हाये. आदी बुडवून ठेवाव लागते. उद्या सकाळी मी सोता नेतो सगळ्यायले."

"परवाच तर रंग दिलाय."

"रंग पाहून पानी थांबत नाई, सायेब. अन् वारा बी सुटून राह्यला."

वकील म्हणाले, राहू द्या, पुन्हा कधी येऊ. तेवढ्यावर भागलं असतं. पण साहेबांच्या चेहऱ्याकडे मी पाहत होतो. एका नाकेदाराने पाहुण्यांसमोर दोनदा नाही म्हटलं होतं. "तू नेतोस की नाही?" त्यांनी विचारलं.

"मी नाई नेत," नाकेदार म्हणाले. आवाज चढला नाही. सदऱ्याचं गळ्याचं बटण मात्र त्यांनी चाचपून पाहिलं.

साहेबांनी गावातून एक भोई बोलावला. सगळे बसले. मी शेवटी चढत होतो तेव्हा नाकेदार जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाबूजी, तुमी तरी नका जाऊ." मी साहेबांकडे पाहिलं आणि बसलो.

पहिला फर्लांग मजेत गेला. मग ती मुलगी म्हणाली, "आई, माझे पाय ओले झाले."

आम्ही खाली पाहिलं. फळ्यांच्या मधून पाणी येत होतं, कुठल्या एका जागेहून नाही, सगळीकडून, घाम सुटावा तसं. भोयाने वल्हं जोरात मारायला सुरुवात केली. "उपसा, बाबूजी," तो मला म्हणाला. मी फराळाचा डबा रिकामा केला आणि उपसू लागलो. वकिलांनी टोपीने उपसायला घेतलं. पाणी घोट्यावर आलं, मग पोटरीवर.  वकीलबाईंनी मुलीला खांद्यावर घेतलं होतं आणि त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, एकसारखा. साहेब समोर पाहत ताठ बसले होते. वाऱ्याने पाणी काळं झालं होतं आणि बेट जवळ येत नव्हतं.

तळ चिखलाला घासला तेव्हा डोंग्याची कड पाण्यापासून चार बोटं उरली होती.

बेटावर कुणी काही पाहिलं नाही. आम्ही एका सालईच्या झाडाखाली बसून राहिलो. "एवढं पाणी येतंच," साहेब एकदा म्हणाले. डोंगा उथळ पाण्यात भरून पडला होता. दोन तासांनी भोयाने तो उपसून रिकामा केला, खाली हात फिरवला आणि म्हणाला, "आता जाण्यापुरता फुगला. नाकेदार हेच म्हनत होते." साहेबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. परतताना तळ नुसता ओलसर राहिला.

सूर्य टेकडीमागे गेला होता. काठ जवळ आला तसा समोर पाण्यात एक खुंट दिसला. तिथे खुंट नव्हता, मला पक्कं माहीत होतं. जवळ गेलो तर ते नाकेदार होते. काठापासून चाळीसेक हात आत, गळ्यापर्यंत पाण्यात, एक लांब बांबू पुढे धरून. उपसणारे हात त्यांनी लांबून पाहिले होते. पाय टेकेल तिथवर ते चालत आले होते आणि तिथेच दोन तास उभे होते. त्यांना पोहता येत नाही हे डोंग्यातल्या आम्हा सहा जणांत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

"पाहिलंस?" साहेब म्हणाले. "गेलो आणि आलो."

"आले, लय बरं झालं, सायेब." त्यांनी मुलीला उचलून काठावर ठेवलं. 

आठवड्याने साहेबांनी मला बोलावलं आणि मजकूर सांगितला. डोंगा सुस्थितीत होता. प्रवासात कोणताही त्रास झाला नाही. नाकेदाराने विनाकारण, पाहुण्यांसमक्ष हुकूम मोडला. टेबलावर माझे कायम होण्याचे कागद पडले होते. साहेबांनी ते मुद्दाम ठेवले होते असं मी म्हणत नाही. ते तिथे होते. मी सगळं लिहून काढलं, साक्षीदार म्हणून खाली सही केली. भोयाचा अंगठा नंतर घेतला.

नाकेदारांना जबाबासाठी अकोल्याला बोलावलं तेव्हा तो कागद मीच त्यांच्यापुढे ठेवला. ओळीखाली बोट धरून त्यांनी तो वाचला, शेवटपर्यंत. सहीपाशी बोट थांबलं.

"अक्षर चांगलं हाये, बाबूजी," ते म्हणाले.

त्यांची बदली मेळघाटात झाली, अगदी आतल्या नाक्यावर. तिथल्या तापाला भिऊन माणसं बदलीचा हुकूम आला की सुट्टीवर जात. ते गेले. मी त्या पावसाळ्यात कायम झालो. तलावावर नवा नाकेदार आला. तो कुणालाच नाही म्हणत नसे. दर वेळी डोंगा निघाला की मी काठावर उभा राहायचो आणि तो परत येईपर्यंत तिथून हलायचो नाही. काही झालं नाही. पण होईल, होईल, असं वाटत मी तिथे दोन वर्षं काढली.

मग एका कामाने परतवाड्याला जावं लागलं. मोटार स्टँडवर ते मला दिसले, अचलपूरच्या बाजारातून आणलेली मिठाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. फार वाळले होते. डोळे पिवळे पडले होते. मला पाहून उठले, हॉटेलात नेऊन चहा पाजला, बेटावर बगळे आले काय म्हणून विचारलं. मी कप खाली ठेवला.

"मी लिहिलं ते खोटं होतं," मी म्हणालो. "तुम्हाला माहीतच आहे." त्यांना "तुम्ही" म्हणण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. 

"मले माईत हाये. तुमाले माईत हाये. सायबाले बी माईत हाये," ते म्हणाले. "मंग त्या कागदालेच काहून माईत नाई, बाबूजी?"

तेवढ्यात जंगलात जाणारी मोटार लागली. ते पिशवी सांभाळत चढले आणि खिडकीतून हात केला.

अकोल्याला येऊन मी तीन दिवस काही लिहू शकलो नाही. चौथ्या दिवशी बसलो आणि झालं ते सगळं लिहिलं. हिरवा रंग, उपसणं, बेटावरचे दोन तास, साहेबांनी सांगितलेला मजकूर. खाली सही केली आणि वरच्या कचेरीत पाठवून दिलं. नोकरी जाईल असं धरून चाललो होतो. साहेब माझ्याशी बोलेनासे झाले, एवढंच. चार-पाच महिन्यांनी माझा कागद परत आला. कोपऱ्यात तांबड्या शाईत शेरा होता: "संबंधित कर्मचारी हयात नाही. दप्तरी दाखल करावे."

मी रजा काढली, तो कागद पिशवीत घातला आणि त्यांच्या नाक्यावर जायला निघालो. परतवाड्याहून मोटार, पुढे लाकडांचा ट्रक, पुढे तीन मैल पायी. नाक्यावर एक खोली, पुढे आडवा बांबू आणि भोवती इतकं दाट रान की दुपारीही आत उजेड पोचत नव्हता. पाखरांचा आवाज नव्हता. दोरीवर दुसऱ्या कुणाचा तरी खाकी सदरा वाळत होता. विशीतला एक पोरगेलासा नाकेदार घाईघाईने बाहेर आला. आधीच्या नाकेदारांबद्दल विचारलं, तर म्हणाला, "तो तापानं गेला ना, पोळ्याच्या आदी. त्याची बाई लेकरं घेऊन गेली. कुठं गेली, ते नाई सांगता येत."

त्याने आतून खुर्ची आणली, ती सदऱ्याने पुसली आणि माझ्या पिशवीकडे, तिच्यातून डोकावणाऱ्या सरकारी कागदाकडे पाहत उभा राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला.

"माहं काई चुकलं काय, बाबूजी?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही. परतीचा ट्रक यायला दोन तास होते. तेवढा वेळ तो समोर उभाच राहिला. मी बस म्हणालो, तरी बसला नाही.