भोक पाडलेलं ताट

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. गणपतीतलं शेवटचं जेवण. झाशीतल्या आमच्या मराठी समाजाचा हॉल माणसांनी भरलेला. मी माझ्या जागेवर बसलो होतो. माझी जागा म्हणजे दाराबाहेर, चपलांच्या कडेला. सगळ्या पंगती उठल्या की माझं जेवण. माझं ताटही वेगळं. काठाला भोक पाडलेलं. मागं हंडे घासायच्या मोरीपाशी भिंतीत खिळा आहे, त्याला टांगलेलं असायचं. माझ्याआधी ते माझ्या बापाचं होतं.

अण्णासाहेब वाढत वाढत दाराशी आले. बँकेतून मॅनेजर होऊन रिटायर झालेले, आता समाजाचे अध्यक्ष. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण मला अरेतुरे करतात.

"काय रे मशालजी," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "किरिस्तावांची खिचडी पचली का?"

आतले लोक हसले. बायकाही हसल्या.

"तुझं ताट मी काढून ठेवलंय. उद्या सकाळी आंघोळ करून ये. गुरुजी गोमूत्र शिंपडतील. चार लोकांसमोर चूक झाली म्हण, मग ताट परत खिळ्यावर. आपलाच माणूस आहेस तू."

मी उभा राहिलो. हात जोडले. म्हणालो, "चुकलो, अण्णासाहेब."

हे मीच म्हणालो. खोकला यावा तसं तोंडातून गेलं. मग उपाशी पोटी त्यांचे सगळे हंडे घासले आणि घरी गेलो.

मशालजी हे माझं नाव नाही. अण्णासाहेबांसारख्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडं कारभार करायला आले. आमचे त्यांच्यापुढं मशाल धरून चालत आले. राज्य गेलं, घरोघरी वीज आली. नाव राहिलं. खिळा राहिला. मी तिसरीपर्यंत शिकलो, जन्मभर रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली केली, कुणापुढं हात पसरला नाही. ह्याचा मला फार तोरा. ताटाचाही तोरा होता, खोटं कशाला बोलू. हॉलमध्ये आपल्या हक्काचं ताट आहे, असं बबीना गावच्या व्याह्यांना सांगायचो. ते कुठं टांगलेलं असतं ते सांगायचो नाही.

आता खिचडीचं. त्या उन्हाळ्यात बायको पडली, खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात भरती केली. ती वॉर्डात, मी बाहेर कडुनिंबाखाली. दुपारी चर्चची माणसं गेटवर पातेली घेऊन यायची. एक शाळामास्तर, एक-दोन रेल्वेवाले, बाकी बायका. रोग्यांसोबत चिरगाव, गरौठा, कुठून कुठून आलेली माणसं ओळीत बसायची. मी जायचो नाही. फुटाणे खायचो. मग एका दुपारी उठताना चक्कर आली, तेव्हा गमछा तोंडावर ओढून गेलो. कुणा मराठी माणसानं बघू नये, एवढंच डोक्यात. बघितलं कुणीतरी, ते पुढं कळलंच.

ओळीत मी बसलो नाही. लांब, लोकांनी चपला काढल्या होत्या तिथं बसलो. वाढणारी रोझी दीदी, म्हातारी, रिटायर झालेली नर्स. पातेलं घेऊन माझ्यापर्यंत चालत आली. "नमक कम तो नहीं?" एवढंच तिनं विचारलं. देवाचं नाव काढलं नाही.

जेवून ताट घासलं. बाकीच्यांची घासलेली ताटं एका ढिगात पडत होती. मी माझं कडुनिंबाच्या बेचक्यात नेऊन ठेवलं. सवयीनं. कुणी सांगितलं नव्हतं.

"बाबूजी, थाली पेड़ पर क्यों रख दी?" दीदीनं विचारलं.

गरौठ्याकडचा एक जण म्हणाला, "कक्का ने चिरैयन खों धरी है." म्हणजे पाखरांसाठी.

सगळे हसले. त्या हसण्यात काटा नव्हता. दीदी तेवढी हसली नाही. "बताइए ना."

"मेरी अलग रहती है."

"क्यों? कोई बीमारी है आपको?"

नर्स होती ती. ताट वेगळं ठेवायचं तिला तेवढंच एक कारण ठाऊक.

"नहीं," मी म्हणालो. जन्मभर जे करत आलो, त्याचं कारण एका बाईला सांगता येईना. कान तापले. तिनं झाडावरून ताट काढलं, ढिगात ठेवलं. मग त्याच ढिगातलं एक उचलून स्वतःला खिचडी वाढून घेतली आणि जेवायला बसली.

तरी मी शहाणा झालो नाही. रोज चपलांपाशीच बसायचो. ती रोज तिथवर चालत यायची. बायकोची वाटी वॉर्डात तीच पोचवायची. बायको काठी धरून चालायला लागली, घरी आली, आणि गणपती आल्यावर मी परत हंडे घासायला गेलो.

त्या दिवशी घरी आलो तर बायको म्हणाली, "प्रसाद कुठाय?"

सगळं सांगितलं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"चुकलो म्हणालो."

तिनं काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाली, "खिचडी मीपण खाल्ली. उद्या मलापण घेऊन चला. माझ्यावरपण शिंपडू देत."

मी गमछा खुंटीला अडकवला.

"चला की. लाज कसली? तुम्ही तर त्यांचे आपले."

मला आठवलं, त्या ताटाला भोक त्यांनी नव्हतं पाडलं. माझ्या बापानं पाडलं होतं, मोळा ठोकून. ताट हलू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. पोर होतो. घाव बसला की हात झिणझिणायचे, मी हसायचो. बापही हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली आणि हॉलवर गेलो. गुरुजी तांब्या घेऊन बसलेले. अण्णासाहेब खुर्चीत, बाजूला आणखी काही जण.

"ये, इथं दारातच बस," अण्णासाहेब म्हणाले.

मी चपला काढल्या, आत गेलो, हॉलच्या मधोमध उभा राहिलो.

"काल चुकलो म्हणालो होतो. ते परत घ्यायला आलोय. माझं ताट द्या."

"ताट समाजाचं आहे."

"भोक आमचं आहे."

ताट कपाटावर पालथं पडलं होतं. मीच काढून घेतलं. मागून एक जण म्हणाला, "अरे, पुढच्या वर्षी हंडे कोण घासणार?"

"जे जेवतील ते."

तिथून सरळ दवाखान्याच्या गेटवर गेलो. गमछा खांद्यावर. पातेली येईपर्यंत थांबलो. दीदीनं ओळखलं. "अम्मा ठीक हैं?"

"ठीक हैं. कलछी मुझे दीजिए."

"पहले हाथ धोइए."

हात धुतले. ताट ढिगात टाकलं. डाव घेऊन वाढायला लागलो. एक म्हातारा ओळ सोडून लांब चपलांपाशी बसला होता, मान खाली घालून. दीदी पातेलं उचलून त्याच्याकडं निघाली. मी तिला थांबवलं. म्हाताऱ्याला म्हणालो, "भैया, उठिए. लाइन में बैठिए. वहाँ मैं नहीं परोसूँगा."