‘माहीत नाही’चा रकाना

सुरुवातीलाच एक चूक दुरुस्त करते. डॉ. इंदुमती चिमूरकर मॅडमच्या पंचाहत्तरीसाठी नेमलेल्या गौरव समितीने गेल्या महिन्यात काढलेल्या पत्रकात, या ग्रंथासाठीच्या माझ्या लेखाच्या पहिल्या खर्ड्यातला एक उतारा छापला गेला. मॅडमनी पहिल्याच भेटीत माझ्या वडिलांची लशीबद्दलची शंका पूर्णपणे दूर केली आणि वडिलांनी त्याच आठवड्यात राहिलेला डोस घेतला, असं मी त्यात लिहिलं होतं. तसं घडलं नव्हतं. शंका दूर झाली नव्हती, आणि वडिलांनी डोस घेतला तो आठ महिन्यांनी, कुरकुरत. गौरवग्रंथात असं वाक्य शोभेल, म्हणून मी ते लिहिलं. मॅडमनी ते वाचलं असेल, तर त्यांना ते आवडलं नसणार.

खरं घडलं ते असं. कोरोनाची लस घेतल्यावर काही महिन्यांनी माझ्या मोठ्या भावाला डेंग्यू झाला. साधा नाही, प्लेटलेट घसरल्या, पोटात पाणी झालं, पाच दिवस तो अतिदक्षता विभागात होता. तो वाचला. पण लशीनेच अंग आतून बिघडवलं आणि म्हणून पुढचा आजार एवढा जड गेला, अशी बाबांची खात्री झाली. बाबा बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत फिटर. त्यांना कोणीच नीट उत्तर दिलं नाही. एक डॉक्टर हसले, एक चिडले. मग कोणीतरी सांगितलं, महाल भागात एक निवृत्त प्राध्यापक बाई आहेत, रक्ताची छोटी प्रयोगशाळा चालवतात, त्यांना विचारा. मीही सोबत गेले.

“आज लस घेतली, अन् उद्या दुसरा रोग अंगावर जास्त येते, असं होते काय?” बाबांनी बसायच्या आधीच विचारलं.

“होऊ शकते,” मॅडम म्हणाल्या.

बाबा भांडायच्या तयारीने आले होते. ते खुर्चीत बसले.

“पण तुमच्या पोराले तेच झालं काय, हे मले माहीत नाही. याच्या आधी त्याले डेंग्यू झाला होता?”

“नाही.”

“तपासलं होतं?”

“तपासलं नाही. पण नाही झाला.”

“मंग ‘नाही’ काहून म्हणता गा भाऊ? ‘माहीत नाही’ म्हणा.”

त्यांनी भावाचे दवाखान्यातले रिपोर्ट मागून घेतले. आजाराच्या सुरुवातीच्याच दिवसांत त्याच्या रक्तात जुन्या संसर्गाच्या प्रतिपिंडांची मोठी खूण होती. म्हणजे हा त्याचा दुसरा डेंग्यू होता. तेव्हा आम्हाला आठवलं, आयटीआयला असताना त्याला ताप आला होता, गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावली होती, आणि आम्ही तो ‘साधा ताप’ म्हणून विसरलो होतो. मॅडमनी समजावलं की डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारावर शरीराने तयार केलेलं संरक्षण दुसऱ्या प्रकाराला अर्धवटच बसतं, आणि कधीकधी विषाणूला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदतच करतं.

“म्हणजे लशीचा दोष नाही?” बाबांनी विचारलं.

“कोरोनाच्या लशीनं डेंग्यू वाढतो, असं आजवर कोणाले दिसलं नाही. मलेही नाही. दिसलं तर तुमाले पहिले सांगीन.”

घरी जाताना बाबा गाडीवर म्हणाले, “बाई हुशार आहे. पण पुरा भरोसा नाही देऊन राहिली.” मलाही तेव्हा तसंच वाटलं. जी बाई ‘होऊ शकते’ म्हणते, ती एकतर फार प्रामाणिक असेल, नाहीतर काही लपवत असेल. यातलं कोणतं, हे पाहण्यासाठीच मी पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे काम मागायला गेले. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मी दहावीपर्यंत शाळेत गेले नाही. बाबांनीच घरी शिकवलं, नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा दिली. काम मागायला गेले तेव्हा मॅडमनी विचारलं, “मास्तर कोण होते तुझे?” मी म्हटलं, बाबा. “तेच, जे माझ्यावर संशय घेऊन गेले ते? मंग ये उद्यापासून. संशय घेणाऱ्याच्या हाताखाली शिकलेली पोरगी कुठं भेटते वं.”

इथे त्यांच्या कामाबद्दल सांगायला हवं. तापाचा प्रत्येक रुग्ण त्या एका जाड वहीत नोंदवतात: आधी कोणकोणते ताप आले, कोणत्या लशी घेतल्या, कधी. लस घेतल्यावर दोन दिवस हात दुखला की नाही, एवढ्यावर त्या थांबत नाहीत; पुढचे दोन-तीन पावसाळे त्या माणसाला फोन करत राहतात. परदेशात डेंग्यूच्या एका लशीबाबत असं घडलं होतं की, ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नव्हता अशा काही मुलांना लशीनंतर खरा संसर्ग झाला, तेव्हा तो जास्त जड गेला. म्हणून ती लस आधी रक्त तपासून, डेंग्यू होऊन गेलेल्यांनाच द्यायची असं ठरलं. बहुतेक लशींबाबत अशी भीती शोधूनही खरी ठरलेली नाही, हेही मॅडम तितक्याच जोराने सांगतात. लशीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा आणि डोळे मिटून नाकारणारा, दोघांनाही त्या एकच विचारतात: “पाहिलं काय?”

त्यांचा स्वभाव कडक आहे. पण माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्या रोज दुपारी डबा घेऊन वॉर्डात यायच्या आणि आईच्या केसपेपरवरची प्रत्येक गोळी वाचायच्या. एका गोळीपुढे त्यांनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. नर्सबाई रागावल्या, संध्याकाळी ती गोळी बदलली गेली.

वहीतही ही प्रश्नचिन्हं असतात. सहायकाच्या ज्या नोंदीवर मॅडमचा विश्वास बसत नाही, तिच्यापुढे एक. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कामठीतल्या विणकर वस्तीची नोंदणी माझ्यावर सोपवली. ‘पूर्वी डेंग्यू झाला?’ या प्रश्नाला वहीत तीन रकाने आहेत: हो, नाही, माहीत नाही. बाबांनी मला शिकवलं होतं की उत्तर अर्धवट सोडायचं नाही. मी प्रत्येकाच्या मागे लागून पक्कं उत्तर काढायचे. “याद नहीं बेटी,” असं त्या वस्तीतल्या शमीमआपा म्हणाल्या, तर मी म्हणायचे, “नीट आठवा, हो की नाही?” मग त्या कंटाळून “नहीं” म्हणायच्या आणि मी समाधानाने ‘नाही’वर खूण करायचे. तिसरा रकाना मी जवळजवळ रिकामा ठेवला. मला ते टापटीप काम वाटत होतं.

या ग्रंथाच्या शेवटी त्या वहीचा गोषवारा छापायचा ठरला होता. गेल्या सोमवारी मी तो तपासायला बसले. कामठीतल्या एवढ्या माणसांना कधीच डेंग्यू झाला नाही, असं त्यात आलं होतं. उद्या डेंग्यूची लस आली आणि तिथल्या डॉक्टरांनी हा गोषवारा खरा धरला, तर डेंग्यू होऊन गेलेल्यांनाही ‘ही लस तुमच्यासाठी नाही’ असं सांगितलं जाईल. आमच्या घराने भावाबद्दल केलेली चूक मी एका वस्तीभर केली होती. मी वहीची पानं उलटली. माझ्या नोंदींपुढे एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. जगावर संशय घेणाऱ्या मॅडमनी माझ्यावर घेतला नव्हता.

ग्रंथाचे संपादक वाढई सरांना मी फोन केला. ते म्हणाले, “अवं, पंचाहत्तरीच्या पुस्तकातला तक्ता कोण तपासून राहिलं? लोक फोटो पाहतात.” ते प्रेमानेच म्हणाले. तीन दिवस मी त्या वाक्याचा आधार घेतला. मग मॅडमकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकलं. “तुले कधी कळलं?”

“सोमवारी.”

“आज गुरुवार.” नंतर त्यांनी वाढई सरांना फोन लावला आणि गोषवारा काढून टाकायला सांगितलं. सर बहुतेक पानांच्या संख्येबद्दल काही म्हणाले. “मंग माझे फोटो टाका गा दोन,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग पेन्सिल माझ्यासमोर सरकवली. कामठीच्या प्रत्येक ओळीपुढे मी स्वतः प्रश्नचिन्ह काढलं. त्याला दुपार लागली. मध्ये त्यांनी चहा केला. मला माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे तुमचं ऐकोत आणि नजर अशीच तीक्ष्ण राहो. हे मी माझ्या स्वार्थासाठीही मागते आहे, कारण त्या सगळ्या घरांत पुन्हा जायचं, ज्यांची तयारी असेल त्यांचं रक्त तपासायचं आणि पुढचे पावसाळे त्यांचे ताप नोंदवायचे, तर वर्षं लागतील. आणि यापुढे माझ्या प्रत्येक नोंदीवर तुम्ही संशय घ्यावा, अशी माझी इच्छा आहे. सोहळा रविवारी आहे. कामठीतल्या विणकरांचे लूम शुक्रवारी बंद असतात, तेव्हा माणसं घरी भेटतात. सोहळ्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी नऊ वाजता, मी शमीमआपांच्या दारात असेन.