खिडकीखालची बैलगाडी

काल काचेचं सामान आलं, त्या खोक्यात धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरलेलं होतं. त्या वाळल्या वासाबरोबर मी थेट आमच्या बैलगाडीत जाऊन बसले.

ऐंशीच्या दशकातली, गडचिरोलीकडची गोष्ट. माझा धाकटा भाऊ तापाने गेला, तेव्हापासून बाबांनी देवाशी बोलणं टाकलं होतं. तरी दर रविवारी आईला आणि मला ते चर्चला नेऊन सोडायचे. स्वतः मात्र बाहेर, गाडीतल्या तणसावर बसून राहायचे. तीन वर्षं हेच चाललं.

त्या रविवारी पास्टर जुन्या करारातल्या एका संदेष्ट्याचं वाचत होते. माझ्या लोकांचं मन हट्टी आहे, बंडखोर आहे, त्यांनी जू मोडून टाकलंय, असं देव म्हणतो. इतक्यात खिडकीतून बाबांचा आवाज आला, "पास्टरसाहेब, माहं नाव घेऊन सांगा ना. असं आडून काऊन बोलता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पास्टर पुस्तक घेऊनच खिडकीशी गेले. "भाऊ, परक्यावर कोन एवढा रागावते? देव आपल्या घरच्याइले बोलून राह्यला."

बाबा गाडीतून उतरले. मग चपला काढून आत आले, धोतराला तणसाच्या काड्या तशाच, आणि पुढचं गीत सगळ्यांच्या वरच्या आवाजात, साफ बेसूर गायले. आई गायची थांबून त्यांच्याकडे बघतच राहिली.

तेव्हा वाटलं होतं, पास्टर जिंकले. आता आठवतं, चर्चच्या अंगणात चिंचेची गार सावली होती. बाबा बैल तिथे बांधायचे, आणि गाडी मात्र तीन वर्षं भर उन्हात उभी करायचे, बरोबर त्या खिडकीखाली.