प्रोग्रामच्या माथ्यावरची ओळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

नव्वदीची सुरुवात. तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी संगणक विभागात होतो. आणि तो दिवस! काय दिवस होता म्हणून सांगू! मालाची चलनं काढायचा नवा प्रोग्राम सकाळी सुरू केला, तर पहिल्याच चलनाला आडवा झाला. फाटकाशी ट्रकांची रांग, ड्रायव्हर हॉर्न मारून जीव खातायत, साहेबांचा पारा चढलेला.

प्रोग्राम सी भाषेतला, मधे मधे डेटाबेसशी बोलणाऱ्या एसक्यूएलच्या ओळी. त्यातली कॉलमची नावं डेटाबेसमध्ये खरंच आहेत का, हे प्रोग्राम चालवण्याआधी, कंपाईल करतानाच तपासता येतं — कमांड देताना तसा पर्याय लावायचा, बस. ते काम प्रमिलाचं. जवळच्याच दांडी गावातल्या मच्छीमाराची मुलगी, थोड्याच दिवसांत कायम व्हायची होती. एक नाव चुकलेलं निघालं आणि साहेब तिच्यावर कडाडले — तपासणी न लावताच कंपाईल केलंस!

"लावली होती, सर. आईशप्पत, खोटं नाय बोलत मी."

कोण ऐकतो?

मी सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, उघडला. माथ्यावरच एक ओळ — तपासणी बंद. सोर्समध्ये अशी ओळ असली की कमांडमध्ये लावलेली तपासणीही गप्प बसते, हे मला ठाऊक होतं. का नसेल? ओळ माझीच होती! डेटाबेसमधली टेबलं तयार नव्हती तेव्हा तपासणी सारखी अडवायची, म्हणून तात्पुरती टाकलेली — आणि काढायची राहून गेली.

ते सोडा हो, विसरतो माणूस. पुढचं ऐका. ती ओळ मी गुपचूप खोडली. पुन्हा कंपाईल केलं — उरलेल्या सगळ्या चुका धडाधड बाहेर! पटापट दुरुस्त केल्या, आणि प्रिंटर खडखडला. ट्रक सुटले! साहेबांनी पाठ थोपटली, "शाब्बास रे पठ्ठ्या!" जिलेबी आली, पोरांनी मला उचलून घेतलं. राजा होतो मी, राजा!

प्रमिलाला कायम केलं नाही.

जायच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. "सर, तुमी होते म्हणून निभावलं. मलाच वाटत होतं लावलाय पर्याय — राहिला असंल माझ्याकडनं."

समजलं ना? तिलाही ते पटलं होतं. आणि मी — मी काय म्हणालो?

"होतं असं. पुढच्या वेळी लक्ष ठेव."

आणि हे म्हणताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.