संशयास्पद मामा

पोलीस पाटील झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी ओळखपत्र गळ्यात घालून नवऱ्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, आता माझ्याशी जरा अदबीनं बोलायचं. तो म्हणाला, "मी तर हळूच बोलतो, गावाले आवाज तुझाच आयकू येते." खोटं नाही. गोरेगाव या तालुक्याच्या गावापासून नऊ किलोमीटरवरच्या आमच्या गावात मी अंगणातून हाक मारली की शेवटच्या बांधावरचा माणूस मान वर करतो.

गोरेगावच्या पोलीस ठाण्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात तालुक्यातले सगळे पोलीस पाटील. आदेश असा, की गावात अनोळखी इसम दिसल्यास फोटोसह माहिती टाकावी. 'इसम' हा शब्द मला इतका आवडला की घरात नवऱ्यालाही मी इसमच म्हणू लागले. चादरी विकणारा आला, टाकला फोटो. बियाण्याच्या कंपनीची दोन पोरं, टाकली. नागझिऱ्याला जाताना वाट चुकलेली पर्यटकांची जीप, तीही टाकली. नागपूरहून दाढी वाढवून आलेल्या सख्ख्या दिराचा फोटो टाकला तेव्हा तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. फोटो काढण्याआधी विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ग्रुपवर अंगठे यायचे आणि मी फुगायचे.

तेव्हाच माझ्या मुलीचं जमत आलं होतं. ती तिरोड्याच्या एका दवाखान्यात नर्स, मुलगा तिथल्याच वीज प्रकल्पात कामाला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, दोन्ही घरं राजी होती. अडलं होतं ते एकाच ठिकाणी, मुलाच्या मामांपाशी. मुलाला बाप नाही, मामांनीच वाढवलेला. मामा म्हणाले, आधी गावात जाऊन चौकशी करतो. आमच्याकडची रीतच आहे ती. मुलाकडचा एक जाणता माणूस न सांगता येतो, चहाच्या टपरीवर, चक्कीवर सहज विचारतो, घर कसं, माणसं कशी, आई भांडकुदळ तर नाही. मग तो जे म्हणेल ते. मुलीला जेवण गोड लागत नव्हतं. "आई, मामा कधीही येतीन. तू जरा नीट राहा." मी म्हटलं, मी नीटच असते.

आता माझ्या डोळ्यांसमोरचे मामा म्हणजे धोतर, टोपी, एसटीतून उतरून घाम पुसणारे. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या गावातल्या विहिरींवरचे दोन मोटारपंप चोरीला गेलेले. अशात एका सकाळी चक्कीवालीचा फोन. "पाटीलबाई, एक माणूस तुमच्याच घराचं विचारून राहिला. मागचं दार कुकडं, दुपारी घरी कोण राहते."

मी चप्पल न घालताच निघाले. भाताच्या तणसीच्या ढिगाआडून पाहिलं तर मोटारसायकलवर जीन्स पॅन्ट आणि काळा गॉगल घातलेला पन्नाशीचा माणूस माझ्या परसात डोकावून पाहत होता. काढला फोटो. खाली लिहिलं, 'संशयास्पद इसम. घरांची टेहळणी करीत आहे. चोर असण्याची दाट शक्यता.' एरवी बोलावून दमलं तरी न येणारी पोलिसांची गाडी त्या दिवशी जवळच गस्तीवर होती. दहा मिनिटांत त्याला मोटारसायकलसकट घेऊन गेली. मी इतकी खूश झाले की फोटो मुलीला पाठवला. बघ तुझ्या आईचं काम.

लगेच तिचा फोन आला. म्हणाली, "आई, हे मामा आहेत."

नऊ किलोमीटर स्कूटीवर मी देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. ठाण्यात मामा बाकावर ताठ बसले होते, समोर चहाचा कप तसाच. हवालदार वैतागलेला. अर्धा तास झाला, हा माणूस त्या घराची चौकशी कशाला करत होता ते सांगतच नाही. एकच म्हणतो, माझं काम खाजगी आहे, गावात फिरायला बंदी आहे का ते सांगा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरीचं नाव ठाण्यात निघू नये म्हणून मामा तोंड उघडत नव्हते. लग्न ठरलेलंही नव्हतं, आणि हा माणूस माझ्या लेकीसाठी चोर ठरायला तयार होता. माझी मान खाली गेली. मी एवढंच म्हटलं, हे आमचे पाहुणे, चूक माझी. ग्रुपवरही तसंच लिहिलं आणि फोटो काढून टाकला. हसणारे चेहरे धडाधड आले.

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "फोटो कुठं कुठं गेला?" मी म्हटलं, ग्रुपवर आणि पोरीला, तिथून पुढं कुठं गेला ते देवालाच ठाऊक. ते म्हणाले, "मी चार जणाईले तुमच्या घराचं विचारलं. ते चार दिवसांत इसरतीन. तुमी टाकलेलं कोण इसरन?" मग गाडीला किक मारत म्हणाले, "घर चांगलं आहे, मागलं परसही साफ आहे. आई भांडकुदळ आहे म्हणतात, पण चालते."

मी रस्त्यातच रडले आणि हसलेही.

साखरपुडा महिन्याभराने आमच्या अंगणात होता. मुहूर्त अकराचा, साडेदहा झाले तरी मामांचा पत्ता नाही, आणि त्यांच्याशिवाय मुलगा पाटावर बसायला तयार नाही. मग तिरोड्याच्या पोलीस ठाण्यातून फोन आला, नाकाबंदीत एक इसम थांबवला आहे, तुमचं नाव सांगून राहिला. मी नव्या शालूत स्कूटी काढली.

मामा बाकावर, डोळ्यांवर गॉगल, मांडीवर पेढ्यांचा डबा. हवालदाराने मोबाइल पुढे केला. "मॅडम, हे पाहा, वरूनच आलं होतं." फोटो माझा, खालचे शब्दही माझेच. चूक झाल्याचं जे लिहिलं होतं, ते मात्र इथवर आलंच नव्हतं.

"या वेळी मी सारं सांगून टाकलं," मामा म्हणाले. "पोरीचं नाव, मुहूर्त, सारं. तरी म्हणते, थांबा, खात्री करू."

मी त्यांच्या शेजारी बसले. अकरा वाजून गेले. मामांनी डबा उघडला आणि साखरपुड्याचा पहिला पेढा मला ठाण्यातल्या बाकावर दिला. आम्हाला हसू आवरेना. शेवटी हवालदार म्हणाला, ठीक आहे, जा, नोंदीसाठी दोघांचा एक फोटो घेतो. त्याने मोबाइल वर केला.

शेवटच्या बांधापर्यंत जाणाऱ्या माझ्या त्या आवाजात मी म्हटलं, "आधी मामांना विचारा."

मामांनी गॉगल काढून खिशात ठेवला आणि नाही म्हणून सांगितलं.