कंडिशन रिपोर्टमधला एक रकाना

"तो कागद आता पुरे झाला," हेलन म्हणाली. "तीनला काचेची केस बंद होतेय."

दोन वाजून गेले होते. मी मेलबर्नच्या एका म्युझियममध्ये कॉन्झर्व्हेटर होते. म्हणजे जुन्या वस्तू आणखी खराब होऊ नयेत, हे बघायचं काम. हेलन आमची क्युरेटर. युरोपची जहाजं आणि आधुनिक विज्ञान हे प्रदर्शन तिचं. टेबलावर होता जहाजावरच्या एका निसर्गअभ्यासकाने इथल्या किनाऱ्यावरून नेलेला कंद, पानांसकट वाळवून कागदावर चिकटवलेला. इंग्लंडमधल्या एका संस्थेने तो उसना दिला होता. पाटी छापून तयार होती: 'हा विषारी कंद खाण्याजोगा कसा करायचा, हे त्याने प्रयोगाने शोधलं.'

मी कागदाखाली फक्त लाइट शीट सरकवली होती. म्हणजे प्रकाश देणारा पातळ तक्ता. मागच्या बाजूला नंतर कोणीतरी डकवलेल्या कागदाआड पाच ओळी उजळल्या. अक्षर त्या निसर्गअभ्यासकाचंच. लिहिलं होतं: 'नदीच्या मुखाशी एका बाईने कंद कसा चिरायचा, वाहत्या पाण्यात किती दिवस ठेवायचा, ते दाखवलं. आधी तिने खाल्ला, मग मी.'

"मग शोधलं कोणी?" मी विचारलं.

"आत्ता नको, मेघना. पाटीचं नंतर बघू."

नंतर म्हणजे कधीच नाही. त्या ओळींवर कागद डकवणाराही असंच काहीतरी म्हणाला असेल.

माझ्या हातात एकच गोष्ट होती, कंडिशन रिपोर्ट. उसनी वस्तू आली की तिची अवस्था त्यात लिहायची: डाग, चिरा, गहाळ भाग. दोन्ही संस्थांच्या सह्यांशिवाय काच लागत नाही. पुढे वस्तू कुठेही गेली तरी रिपोर्ट सोबत जातो. मी त्या पाचही ओळी उतरवल्या. 'गहाळ भाग' या रकान्यात लिहिलं: त्या बाईचं नाव.

हेलन भडकली. "हा रकाना तुटलेल्या पानांसाठी आहे. खोड ते."

"नाही खोडणार."

जुन्या कागदाजवळ पेन वापरत नाहीत, शाई सांडते. त्यामुळे रिपोर्ट पेन्सिलने लिहिलेला. हेलनने खोडरबर उचललं. "तुझं कॉन्ट्रॅक्ट जूनपर्यंतच आहे, मेघना."

काच बसवणारा आमचा पुण्याचा निखिल मागे उभा होता. मराठीत पुटपुटला, "अगं बाई, क्रांती उद्या कर. माझी माणसं साडेतीनला निघतात."

"काच थांबेल थोडी."

"काच थांबेल गं. नोकरी थांबेल का?"

तरी मी रिपोर्ट उचलून पीटरला दिला. पीटर कुरिअर होता, म्हणजे संस्थेने वस्तूसोबत विमानाने पाठवलेला माणूस. दुसरी सही त्याची.

त्याने वाचलं. "आमच्या रेकॉर्डप्रमाणे मागची बाजू कोरी आहे. मी यावर सही करू शकत नाही."

हेलनने सुटकेचा सुस्कारा सोडला.

"सहीचं राहू दे," मी म्हणाले. "आधी बघ."

खोलीतले दिवे घालवले. तो वाकला. चष्मा काढला, पुन्हा लावला. एकेक ओळ बोट न टेकवता वाचली. शेवटच्या ओळीपाशी थांबला.

"आधी तिने खाल्ला," तो हळूच म्हणाला. मग हेलनकडे वळला. "तूही बघ."

हेलनला बघावं लागलं.

"तिचं नाव दिसतंय कुठे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग गहाळच आहे. खोडरबर ठेव खाली. चला बाहेर, पेनाने लिहू."

तीनला पाच कमी असताना कॉरिडॉरमध्ये मी सगळं शाईने उतरवलं आणि पीटरने आणि मी सह्या केल्या. निखिलने काच लावली. पाटी हेलनने स्वतःच काढली. ऑफिसच्या प्रिंटरवर नवी छापली, जरा तिरकी चिकटली: 'एका बाईने त्याला दाखवलं. तिचं नाव त्याने लिहिलं नाही.'

जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. रिपोर्ट मात्र कंदासोबत इंग्लंडला गेला.

बघा, लिहा, दुसऱ्यालाही दाखवा. ही रीत जगाला शिकवल्याचा ज्यांना अभिमान आहे, त्यांचे कागदही त्याच रीतीने तपासावेत. एवढंच लक्षात ठेवायचं, की पेन्सिल वस्तूजवळ; खोडरबर दुसऱ्याच्या हातात दिसलं की पेन काढायचं.