बिब्ब्याचा सूर्य

पौषातला उत्तरेचा वारा सुटला की किहीमला माणसांच्या आधी झावळ्या जाग्या होतात. त्या सकाळी उजाडायच्या आत अंगणात तीन पडल्या. सोनाबाईने त्या फरफटत कुडाला लावल्या, विहिरीवरून दोन हंडे आणले, चादरी सोड्यात भिजत घातल्या आणि हात लुगड्याला पुसत बंगला उघडायला निघाली. शेट यायचे होते. दुपारच्या लाँचने रेवस, तिथून गाडीने किहीम.

सोनाबाई जातीची परटीण. लिहिणं-वाचणं तिला ठाऊक नव्हतं, पण किहीमच्या सात बंगल्यांची धुणी तिने कधी मिसळली नाहीत. बिब्ब्यात सुई टोचायची, काळा रस चादरीच्या कोपऱ्यात उमटवायचा, वर चुन्याचं बोट लावायचं. वकिलांच्या घराची दोन टिंबं, डॉक्टरांची फुली, शेटच्या घराचा सूर्य, म्हणजे एक गोल आणि भोवती चार रेघा. चादर फाटून पायपुसणं होई, पण सूर्य तसाच. "बिब्बा निघत न्हाय, म्हनून परीट जगतो," असं ती म्हणायची. नवरा गेल्यावर, चौपन्न साली, शेटने तिला बंगला राखायला ठेवलं आणि विहिरीमागची खोली दिली. तेवढंच तिचं घर.

बंगल्याच्या मागल्या खोलीत बिलियर्डचं टेबल होतं, वर हिरवी लोकरी बनात. भिंतीवर सहा काठ्या. त्यांतली एक शेटची, त्यांच्या बापाने विलायतेहून आणलेली. तिला दुसऱ्याने हात लावला की शेटचं डोकं फिरे.

नारळ उतरवायला आलेला अंबाजी माळी दारातून डोकावला आणि तिथेच थबकला.

"सोनाबाय, ह्या काय केलंस?"

काठीच्या जाड बुडाजवळ, चकचकीत लाकडावर, काळाकुट्ट सूर्य उगवला होता.

"खून केली, चादरीवर करते तशी. शेटनीच सांगितलं मागल्या खेपेला जाताना. गाडीतून वरडले न्हाय का, 'माजी काठी, खून ठेव!'"

अंबाजीने कपाळावर हात मारला. "अगं बाय माजे! मी गाडीच्या चाकाशी उभा व्हतो. 'वलखून ठेव' म्हनाले ते. वलखून! पावन्यांनी उचलू नये म्हनून."

वाऱ्याने 'वल' नेलं आणि 'खून' तेवढी तिच्या पदरात टाकली.

सोनाबाई मटकन खाली बसली. गेल्या साली याच बनातीवर आचाऱ्याने चहा सांडला, तर शेटने त्याला त्याच दिवशी ट्रंकेसकट रेवसच्या वाटेला लावलं होतं. आणि आचाऱ्याला मागे गाव तरी होतं.

मग ती जी उठली ती बसली नाही. चिंच लावून घासलं. राखेने घासलं. रॉकेलचा बोळा फिरवला. सूर्य नुसता चमकायला लागला. खोबरेलाने कडा थोड्या फाकल्या, तशी तिने घाबरून पदरानेच पुसलं. दर दोन मिनिटांनी ती ओटीवर जाऊन रस्ता बघून येई.

"मुशी माशाचं खरखरीत कातडं आनू? होडीवाले वल्ही घासतात त्यानं," अंबाजी म्हणाला.

"काठीची साल काढतोस का माजी? लाकूड खाल्लं तर शेट बोटानं वलखतील."

"तर मग इस्पिरिट. सुताराने दारांना पालिस केलं तवा त्यातच लाख विरघळवायचा. तुजा बिब्बा लाकडात न्हाय गेलेला, पालिसावर बसलाय. पालिस सुटलं का बिब्बा सुटंल."

"आन मग."

"अलिबागेशिवाय कुठं मिलतंय?"

दोघांचीही नजर एकदमच कपाटाकडे गेली. दारूबंदीचे दिवस, पण शेटकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं परमिट होतं आणि कपाटात एक बाटली. चावी सोनाबाईच्या कनवटीला.

"मी बगितलं न्हाय," अंबाजी म्हणाला आणि माडावर चढला.

तिने बाटली काढली, नाक मुरडलं आणि मलमलीची चिंधी भिजवली. घासलं. काही नाही. पुन्हा भिजवली, काठीवर दाबून धरली, शंभरापर्यंत मोजता येत नव्हतं म्हणून सात बंगल्यांच्या खुणा चारदा मनात म्हटल्या. चिंधी तपकिरी निघाली. मग काळी. एक रेघ गेली, दुसरी गेली. बाटली चार बोटं खाली आली. जन्मभर जो निघू नये म्हणून जपला, तो बिब्बा ती स्वतःच्या हाताने काढत होती. गोल निघाला, पण त्या जागी पॉलिशही गेलं. रुपयाएवढा फिका डाग उरला. त्यावर ती खोबरेल चोळतच होती, तोवर फाटक वाजलं.

शेट आत आले. टोपी काढायच्या आधी त्यांनी नाक वर केलं.

"सोनाबाय, दारूचा वास कुठून येते?"

प्याले म्हणावं तर तोंडाला वास नव्हता, आणि नाही म्हणावं तर बाटली तिथेच होती.

"काठी प्याली, शेट. मी न्हाय."

आणि तिने सगळं सांगितलं. वारा, खून, वलखून, चिंच, राख. शेटने काठी उचलली. डोळ्यासमोर धरून वाकडी झाली का बघितली, टेबलावर लोळवली, फिक्या डागावर अंगठा फिरवला. सोनाबाईला मनात आपली ट्रंक दिसायला लागली. मग आठवलं, आपल्याला ट्रंकसुद्धा नाही, गाठोडंच आहे.

"अर्धी बाटली," शेट म्हणाले.

"चार बोटं, शेट."

त्यांनी वाकून चेंडू मारला. तो खड्ड्यात गेला. दुसरा मारला, तोही गेला. तिसरा चुकला, पण तोवर त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं होतं.

"आता अंधारात पण वलखेल आपुन," अंगठा त्या डागावर ठेवून ते म्हणाले. "पण दुसरा सूर्य नको. जा, चहा ठेव."

तिने चहा ठेवला, पण हातांना चैन पडेना. बोटांच्या बेचक्यांत आग सुरू झाली होती. तीस वर्षांत कधी अंगावर उतून फोड आणले नव्हते तो बिब्बा आज, सुटता सुटता, तिच्या हातांवर उतला. माडावरून उतरलेल्या अंबाजीने तिचे लालभडक हात बघितले. "नोकरीवर ऱ्हायलीस ना?"

"व्हय."

तिने हातांना खोबरेल चोपडलं आणि विहिरीवर जाऊन भिजलेल्या चादरी उपसायला घेतल्या. पहिल्या चादरीचा कोपरा वर आला. त्यावरचा सूर्य जागच्या जागी होता. तिने तो दगडावर आपटला.